तिकीट-बुकिंग ॲपवर ग्राहक किती समाधानी आहेत? ऑनलाइन अभिप्रायांवरून मोजण्याची रीत

ठाणे आणि नवी मुंबईच्या महाविद्यालयांत व्यवस्थापन, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकणारे विद्यार्थी प्रकल्पासाठी पुष्कळदा हा विषय घेतात, आणि ऐरोली-महापे पट्ट्यातील कंपन्यांत नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्यालाही हे काम येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विषय सोपा वाटतो, कारण कच्चा माल प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवर सर्वांसमोर पडलेला असतो. हजारो अभिप्राय, प्रत्येकाला एक ते पाच तारे आणि शेजारी तारीख. मग ताऱ्यांची सरासरी काढली जाते, तिलाच समाधान हे नाव दिले जाते आणि प्रकल्प तिथेच चुकतो.

प्रवासाच्या ॲपची अडचण अशी की तिथे लिहिणारा माणूस एकाच वेळी अनेकांविषयी बोलत असतो. त्याच्या तिकिटामागे ॲप बनवणारी कंपनी असते, प्रत्यक्ष नेणारी रेल्वे, बस किंवा विमान कंपनी असते, पैसे पोहोचवणारी बँक असते आणि या सगळ्यांना बांधणारा नियमही असतो. गाडी चुकली, तिकीट प्रतीक्षायादीत अडकले किंवा पैसे खात्यातून गेले, तरी राग एकाच पानावर उतरतो आणि एक तारा ॲपलाच मिळतो. म्हणून या मोजणीतील सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे प्रत्येक तक्रारीची जबाबदारी कोणाची हे ठरवणे, आणि ते आकडे मांडण्यापूर्वी व्हायला हवे.

पहिली पायरी: प्रश्न अरुंद करा

'प्रवासी ॲपबद्दल लोक समाधानी आहेत का' या प्रश्नाला उत्तर नाही. आयआरसीटीसीचे रेल कनेक्ट हे आरक्षित तिकिटाचे ॲप आहे, यूटीएस हे लोकलच्या आणि अनारक्षित तिकिटासाठी आलेले, रेडबसवर मुख्यत्वे बसची तिकिटे निघतात, तर मेकमायट्रिपवर विमान, हॉटेल आणि सहली. रोज सकाळी ठाणे स्थानकाकडे चालता चालता अर्ध्या मिनिटात लोकलचे तिकीट काढणारा आणि वर्षातून एकदा कुटुंबाच्या सहलीसाठी मोठी रक्कम भरणारा, या दोघांच्या अपेक्षा एका मापाने मोजता येत नाहीत. त्यामुळे एकाच प्रकारची दोन किंवा तीन ॲपे घ्यावीत आणि तुलना त्यांच्यातच ठेवावी. एम-इंडिकेटरसारखे प्रामुख्याने वेळापत्रक आणि माहितीसाठी वापरले जाणारे ॲप तिकीट-ॲपांच्या रांगेत बसवू नये.

याच टप्प्यावर आणखी एक मोह टाळावा लागतो. प्ले स्टोअरवरील अभिप्रायात लिहिणाऱ्याचे शहर दिसत नाही. म्हणून 'ठाणेकरांचे समाधान' असे शीर्षक देण्याचा अधिकार या माहितीतून मिळत नाही. मजकुरात ठाणे, वाशी, पनवेल, कळंबोली, नेरूळ ही नावे शोधता येतात, पण असे अभिप्राय थोडे असतात आणि ठिकाणाचे नाव सहसा तेव्हाच लिहिले जाते जेव्हा गाडीत चढण्या-उतरण्याच्या जागेवरून काहीतरी बिनसलेले असते. हा गट आपल्या भागातील अडचणी समजून घ्यायला फार उपयोगी आहे. टक्केवारी काढायला नाही.

दुसरी पायरी: तारे कसे तयार होतात ते समजून घ्या

प्ले स्टोअरवर दिसणारी रेटिंग ही सर्व ताऱ्यांची साधी सरासरी नसते. ऑगस्ट २०१९ पासून गूगल ताज्या रेटिंगना अधिक वजन देते, आणि नोव्हेंबर २०२१ पासून वापरकर्त्याला त्याच्या देशातील लोकांनी दिलेली रेटिंग दाखवते. ॲपलच्या दुकानातही, म्हणजे ॲप स्टोअरवर, रेटिंग देशनिहाय असते, आणि नवी आवृत्ती आणताना विकासकाला (ॲप बनवणाऱ्याला) जुनी सारांश-रेटिंग पुसून नव्याने सुरुवात करण्याची मुभा असते. म्हणून अँड्रॉइडवरील ४.३ आणि आयफोनवरील ४.३ हे आकडे शेजारी मांडून एकाला दुसऱ्याइतकेच चांगले म्हणणे बरोबर नाही.

शिवाय तारे देणाऱ्या पुष्कळांनी एक शब्दही लिहिलेला नसतो. सरासरीत त्यांचा समावेश असतो, पण तुम्ही वाचणार असलेल्या मजकुरात ते नसतात. एका व्यक्तीला एका ॲपवर एकच अभिप्राय ठेवता येतो. तो बदलला की यादीत जुन्या मजकुराच्या जागी नवा दिसतो. त्यामुळे आज उतरवून घेतलेली यादी ही आजचीच असते, आणि ती कोणत्या दिवशी घेतली हे लिहून ठेवले नाही तर पुढे कोणालाही तुमचे काम पडताळून पाहता येणार नाही.

ॲप रेटिंग केव्हा मागते, याचाही विचार करावा. ॲपलने अशा विनंतीवर मर्यादा घातली आहे. एका वापरकर्त्याला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळा ती खिडकी दिसू शकते. मर्यादा असली की विकासक साहजिकच अनुकूल क्षण निवडतो, म्हणजे तिकीट पक्के झाल्याचा संदेश आल्यानंतरचा. तेव्हा माणूस खुशीत असतो, पाच तारे दाबतो, 'गुड' किंवा 'नाइस ॲप' लिहितो आणि पुढे जातो. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला अशी विनंती येत नाही. तो स्वतः दुकानाचे पान शोधून तिथे पोहोचतो. एका टोकाला पाच ताऱ्यांची गर्दी, दुसऱ्या टोकाला एका ताऱ्याची आणि मधले तारे ओस, हे चित्र बऱ्याच अंशी यातून तयार होते. अशा वेळी सरासरी फसवी ठरते: पन्नास जणांनी पाच आणि पन्नास जणांनी एक तारा दिला तरी उत्तर तीनच येते, आणि शंभर जणांनी तीन तारे दिले तरीही तीनच.

तिसरी पायरी: कालखंड ठरवून अभिप्राय गोळा करा

नवख्या माणसासाठी एका ॲपचे ४०० अभिप्राय ही चांगली संख्या आहे. हाताने वाचून संपवता येते आणि काही बोलण्याइतका आधारही मिळतो. दुकान आपणहून 'सर्वांत समर्पक' क्रमाने अभिप्राय दाखवते. हा क्रम बदलून 'नवीनतम' करावा, नाहीतर निवड तुमची नसून दुकानाच्या गणिताची होते. स्वतःच्या कंपनीचे ॲप असेल तर प्ले कन्सोलमधून अभिप्राय थेट उतरवता येतात. इतरांच्या ॲपसाठी आपोआप माहिती ओढणारी साधने वापरण्यापूर्वी दुकानाच्या अटी वाचाव्यात आणि मार्गदर्शकांची परवानगी घ्यावी.

एक्सेलच्या तक्त्यात अनुक्रमांक, तारीख, तारे, ॲपची आवृत्ती दिसत असल्यास ती, आणि मजकूर एवढेच स्तंभ ठेवावेत. लिहिणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र घेऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्रासलेला प्रवासी मदतीच्या आशेने मजकुरातच आपला पीएनआर किंवा मोबाइल क्रमांक लिहितो. रेल्वेचा पीएनआर दहा अंकी आहे आणि मोबाइल क्रमांकही दहा अंकी, त्यामुळे सलग दहा अंकांचा एकच शोध लावून दोन्ही पुसता येतात. हे काम तक्ता कोणालाही पाठवण्याआधी करावे. त्या माणसाने क्रमांक मदतीसाठी लिहिला होता, आपल्या प्रकल्पाच्या परिशिष्टात छापण्यासाठी नव्हे.

कालखंड निवडताना शेजारी दिनदर्शिका हवीच. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी सक्तीची झाली, आणि त्याच दिवशी रेल्वेने रेलवन हे नवे ॲप आणले. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. म्हणजे ठाणे किंवा पनवेलहून गावी जाणाऱ्या चाकरमान्यांचे कोकण रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात खुले झाले. गणपतीच्या गर्दीचा राग भाद्रपदात शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. तिकीट न मिळाल्याचा राग दोन महिने आधीच व्यक्त झालेला असतो. आणि जून-जुलै २०२५ चे अभिप्राय एकत्र करणाऱ्याच्या हाती सणाची गर्दी, नवा नियम आणि नवे ॲप या तिन्हींचे मिश्रण येते. अशा तारखांची एक यादी करून ती तक्त्याच्या पहिल्याच पानावर ठेवावी.

चौथी पायरी: विषय आणि जबाबदारी वेगवेगळी नोंदवा

इथे घाई करू नये, कारण पुढचे सगळे आकडे याच पायरीवर उभे राहतात. तक्त्यात दोन नवे स्तंभ जोडावेत. एकात तक्रारीचा किंवा कौतुकाचा विषय लिहावा: लॉगिन, शोध, जागा-निवड, पैसे भरणे, परतावा, ग्राहकसेवा, किंमत, चढण्याचे ठिकाण, प्रत्यक्ष प्रवास. दुसऱ्यात जबाबदारी लिहावी: ॲप, वाहतूकदार, पैशांची यंत्रणा, नियम, किंवा 'ठरवता येत नाही'. हा शेवटचा पर्याय ठेवायला संकोच करू नये. तो नसेल तर वाचणारा अंदाजाने रकाने भरू लागतो.

खासगी बसचे उदाहरण घेऊ. नवी मुंबईतून पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाणाऱ्या बस सानपाडा, नेरूळ, कळंबोली अशा ठिकाणी महामार्गालगत प्रवासी घेतात. 'बस दीड तास उशिरा आली आणि चालकाने फोन उचलला नाही' ही तक्रार बसमालकाची. 'नकाशात दाखवलेली जागा महामार्गाच्या विरुद्ध बाजूला निघाली' ही ॲपची. 'बस रद्द झाल्याचे सुटण्याच्या वेळेपर्यंत कळवले नाही' यात दोघेही आले. तेव्हा एकाच अभिप्रायाला दोन जबाबदाऱ्या देण्याची सोय तक्त्यात हवी. सायन-पनवेल महामार्गावर सामान आणि लहान मुले घेऊन रात्री उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक महत्त्वाचा वाटणार नाही आणि तो वाटावा अशी अपेक्षाही नाही. मोजणाऱ्याला मात्र तो करावाच लागतो, कारण नकाशातील खूण कोणी दुरुस्त करायची आणि बस वेळेवर कोणी आणायची, याची उत्तरे वेगळी आहेत.

पैशांच्या तक्रारी त्याहून नाजूक असतात. 'पैसे कापले, तिकीट नाही' हे वाक्य प्रत्येक तिकीट-ॲपवर वारंवार भेटते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने दुकानदाराला (इथे तिकीट-ॲपला) केलेला व्यवहार अर्धवट राहिला, म्हणजे खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचली नाही, तर ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत आणि त्यानंतरच्या विलंबासाठी दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवलेली आहे. अभिप्राय मात्र बहुधा पैसे गेल्या गेल्या, संतापाच्या भरात लिहिला जातो. पैसे परत आल्यावर तो बदलायला फार थोडे लोक येतात. म्हणून अशा नोंदीत 'नुकतेच घडले' आणि 'अनेक दिवस झाले तरी परतावा नाही' असा भेद करावा. पहिली बाब यंत्रणेतील अडखळ असू शकते, दुसरी खरे अपयश आहे.

नियमाच्या तक्रारींत प्रतीक्षायादी अग्रभागी असते. गाडीचा आरक्षण-तक्ता (चार्ट) तयार झाल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षायादीतच राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते. हा रेल्वेचा नियम आहे. पण रद्द झाल्याची सूचना ॲपने स्पष्ट शब्दांत दिली का आणि किती रक्कम कापली जाईल हे तिकीट काढतानाच सांगितले का, हा भाग ॲपचाच. नियम दुसऱ्याचा असला तरी तो समजावून सांगणे ही ॲपची जबाबदारी, असे माझे ठाम मत आहे, आणि तक्त्यात या दोन गोष्टी स्वतंत्र ओळींत याव्यात.

याउलट काही तक्रारी निखळ ॲपच्या असतात आणि त्यांच्यासाठी तयार चौकटही उपलब्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा तेरा रचना नावानिशी सांगितल्या. न विचारता विमा किंवा देणगी बिलात जोडणे, किंमत शेवटच्या पानापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे, 'शेवटच्या दोनच जागा' अशी खोटी घाई लावणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, हे सर्व त्यात आहे. वाचताना अशा नोंदी वेगळ्या खुणेने टिपाव्यात. संख्येने त्या कमी निघाल्या तरी अहवालात त्यांना जागा द्यावी, कारण पुष्कळ ग्राहकांच्या ते लक्षातच येत नाही आणि ज्यांच्या येते ते बाकीच्यांच्या वतीने लिहीत असतात.

एखादा मोठा धक्का सगळे चित्र झाकून टाकू शकतो, हेही ध्यानात असावे. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली तेव्हा तिची तिकिटे ज्या-ज्या ॲपवरून घेतली गेली होती, तिथे परताव्याचा प्रश्न उभा राहिला. त्या महिन्यांचे अभिप्राय वगळू नयेत, पण स्वतंत्र मांडावेत.

भाषेविषयी दोन शब्द. आपल्याकडचा अभिप्राय क्वचितच एका भाषेत असतो; मराठी आणि हिंदी रोमन लिपीत, तीही प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगमध्ये, मध्येच इंग्रजी, आणि 'वा, काय सेवा आहे!' सारखे वाक्य जे एका ताऱ्याखाली लिहिलेले असते. आपोआप भावना ओळखणारी प्रणाली अशा वाक्याला कौतुक समजू शकते. मराठीसाठी पुण्यातील एल३क्यूब गटाने २०२१ मध्ये ट्वीटवर आधारलेला महासेंट हा भावना-संच खुला केला आणि मराठीची भाषा-प्रारूपेही दिली; हे काम मोलाचे आहे. पण देवनागरीतील ट्वीटवर शिकलेली प्रणाली रोमन लिपीतील तिकिटाच्या तक्रारीवर तितकीच चालेल असे गृहीत धरू नये. आधी ४०० अभिप्राय हाताने वर्गीकृत करावेत, मग त्यांच्यावरच प्रणाली चालवून ती किती ठिकाणी तुमच्याशी सहमत होते ते पाहावे, आणि त्यानंतरच हजारो अभिप्राय तिच्या हवाली करावेत.

पाचवी पायरी: दुसऱ्या वाचकाकडून तपासून घ्या

शंभर अभिप्राय एका सहकाऱ्याला तुमचे रकाने न दाखवता वाचायला द्यावेत. समजा, 'ही परताव्याची तक्रार आहे का' या प्रश्नावर दोघांनीही २० ठिकाणी होय म्हटले, ७० ठिकाणी नाही म्हटले, ६ ठिकाणी फक्त तुम्ही होय म्हटले आणि ४ ठिकाणी फक्त त्याने. सहमती ९० टक्के दिसते. पण नुसत्या योगायोगानेही काही सहमती होतेच. तुमचे होय २६, त्याचे २४. म्हणून योगायोगाची सहमती ०.२६ गुणिले ०.२४ अधिक ०.७४ गुणिले ०.७६, म्हणजे सुमारे ०.६२५. ०.९० मधून ती वजा करून उरलेल्या ०.२७५ ला ०.३७५ ने (म्हणजे १ वजा ०.६२५ ने) भागले की ०.७३ मिळतात. याला कोहेनचा कप्पा (kappa) म्हणतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० मध्ये मांडला. ०.६ च्या वरचा कप्पा सामान्यतः चांगला मानला जातो. कमी आला तर दोष वाचकात शोधण्याऐवजी व्याख्या सुधारावी आणि पुन्हा वाचावे.

सहावी पायरी: मोजा

कल्पित आकडे घेऊन रीत पाहू. ४०० पैकी १८० अभिप्राय 'गुड', 'सुपर' असे एकशब्दी आहेत. ते गुपचूप वगळू नयेत आणि मिसळूही नयेत. वेगळी ओळ करून दाखवावेत. उरलेल्या २२० मध्ये १३० तक्रारी आहेत, आणि प्रत्येकीची मुख्य जबाबदारी पाहिली तर ५२ ॲपच्या, ३९ वाहतूकदाराच्या, २६ पैशांच्या यंत्रणेच्या आणि १३ नियमाच्या. सरसकट पाहिले तर २२० पैकी ५९ टक्के लोक असमाधानी दिसतात. ॲपवर खऱ्या अर्थाने असमाधानी मात्र ५२, म्हणजे सुमारे २४ टक्के आहेत. ५९ आणि २४ यांतील हे अंतर म्हणजेच तुमच्या अभ्यासाचे फळ आहे.

२२० च्या नमुन्यावर २४ टक्क्यांची चूकमर्यादा साधारण अधिक-उणे ६ येते, म्हणून दुसऱ्या ॲपचा आकडा २७ निघाला तर ते वाईट आहे असे म्हणता येणार नाही. ही मर्यादाही केवळ अभिप्राय लिहिणाऱ्यांपुरती खरी आहे. ॲप वापरणाऱ्या सर्वांना ती लागू होत नाही, आणि हे वाक्य अहवालात असेच्या असे यावे.

सातवी पायरी: खोट्या अभिप्रायांकडे लक्ष ठेवा

एकाच दिवशी आलेली, जवळजवळ एकसारख्या शब्दांची पाच ताऱ्यांची रांग दिसली की ती बाजूला काढून मोजणी दोनदा करावी, तिच्यासह आणि तिच्याशिवाय. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यासाठी आयएस १९००० हे मानक आणले आहे. अभिप्राय खरा कशावरून मानावा याचा विचार करण्यासाठी ते उपयोगी पडते.

आठवी पायरी: न लिहिणाऱ्यांना विचारा

अभिप्रायांत सर्वांत मोठी पोकळी असते ती ॲप सोडून दिलेल्यांची. ओटीपी येईपर्यंत वेळ संपतो म्हणून खिडकीवर जाणारे आजोबा, इंग्रजी पर्यायांत अडकून नाक्यावरच्या एजंटकडून तिकीट काढणाऱ्या काकू, मुलगा घरी येईपर्यंत तिकीट पुढे ढकलणारे वडील, यांपैकी कोणीही प्ले स्टोअरवर जाऊन एक तारा देत नाही. त्यांचे असमाधान सर्वाधिक आहे आणि माहितीत ते शून्य दिसते. म्हणून आपल्या सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा महाविद्यालयाच्या कर्मचाऱ्यांत वीस-तीस जणांशी बोलावे आणि प्रश्न तेच ठेवावेत जे तक्त्यात विषय म्हणून आहेत. आकड्यांसाठी हा नमुना लहान आहे, पण तक्त्यात कोणता रकानाच नाही हे त्यांच्याकडून कळते. हा भाग वेळेअभावी गाळला जातो आणि तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

अहवाल लिहिताना

प्रत्येक निष्कर्षाच्या वाक्यात ॲपचे नाव, दुकान, कालखंड, अभिप्रायांची संख्या आणि जबाबदारीचा प्रकार यावा. कंपनीने दिलेली उत्तरेही पाहावीत. प्ले स्टोअरवर विकासकाला ३५० अक्षरांपर्यंत उत्तर देता येते. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व, आम्हाला ईमेल करा' हेच वाक्य ओळीने चिकटवलेले आहे की प्रवाशाच्या अडचणीला धरून काही लिहिले आहे, याची स्वतंत्र टक्केवारी काढता येते, आणि ग्राहकसेवेविषयी ती पुष्कळ सांगून जाते. वर्गीकरणाच्या व्याख्या, शंकास्पद अभिप्रायांवर घेतलेले निर्णय आणि तारखांची यादी परिशिष्टात जोडावी. पुढच्या वर्षी गणपतीचे आरक्षण ज्या आठवड्यात खुले होईल, त्याच आठवड्याचे ४०० अभिप्राय त्याच व्याख्यांनी कोणी वाचले, तरच ॲप सुधारले की नाही हे सांगता येईल.